बुधाचे अतिक्रमण

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात, म्हणजे लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं त्याच उन्हाळ्यात, आमच्या उदगिरात माणसं दोनच गोष्टींवर बोलायची. टँकर कधी येणार आणि जिल्हा कधी होणार. टँकर आठ दिवसांनी का होईना, यायचा. जिल्हा मात्र दर सव्वीस जानेवारीला, एक मेला आणि पंधरा ऑगस्टला होणारच असायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तालुकाच असायचा. अशा गावात मी, व्यंकट सोनकांबळे, आणि माझा दोस्त गुरुबसप्पा बिराजदार, अशी पन्नाशी गाठलेली दोन माणसं माझ्या घराच्या स्लॅबवर दुर्बिणीचा कॅमेरा तयार करत होतो, हे आता लिहितानाही जरा अवघडल्यासारखं होतं. पण लिहिलंच पाहिजे. गावात या प्रकरणाच्या निदान पाच तऱ्हा फिरतायत आणि एकीतही माझी इज्जत शिल्लक राहिलेली नाही.

दुर्बीण आमच्याकडं आधीपासून होती. तिचा आरसा आम्ही दोघांनी आठ महिने घासून केलेला. नळी म्हणून वापरला होता तो गुरुबसप्पाच्या शेतातल्या फेल गेलेल्या बोअरचा निळा केसिंग पाइप. बोअर साडेसातशे फूट गेलं, नुसता फुफाटा निघाला आणि पाइप उरला. तो आभाळाकडं तोंड करून स्लॅबवर उभा केला तेव्हा समोरच्या संगप्पांनी रस्त्यावरूनच विचारलं होतं, "सोनकांबळे, पाणी खाली असतंय. तुम्ही वर कुठं बोअर घेऊन राहिलात?"

हे संगप्पा म्हणजे आमच्या गल्लीचे कारभारी. अडतीतल्या कामातून मोकळे झाल्यापासून जिल्हा कृती समिती, बसवेश्वर जयंतीची समिती आणि टँकरची रांग असे तिन्ही कारभार ते एकटे बघायचे. त्यांना जिल्हा झालेला बघायचा होता, आणि मी मोजणी खात्यात असल्यामुळं मला ते आतून ठाऊक असणार असा त्यांचा पक्का समज होता. मला आतून काय, बाहेरूनही काही ठाऊक नव्हतं. पण सरकारी नोकराला माहिती नाही, यावर आपल्याकडं कुणी विश्वास ठेवत नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट निघाली ती गुरुबसप्पाच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. मार्च महिना होता. एका उघड्या टीव्हीत डोकं घालून तो म्हणाला, "व्यंकटराव, नऊ मेला बुध सूर्यावरून जाणार हाय. भर दिवसा. पावणेपाचला सुरू."

"मग बघू की अप्पा. दुर्बीण हायच."

"तुम्ही बघताल. मला कसं दिसंल?"

त्यानं डोकं बाहेर काढलं. शुगरनं त्याचा उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता. डाव्यातही आता धुकं यायला लागलंय, सोल्डरिंगचा डाग देताना तार हातानं चाचपावी लागते, हे त्यानं मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. दुर्बिणीच्या भोकातून मोहरीच्या दाण्यापेक्षा बारीक ठिपका त्याला दिसण्यातला नव्हता. "यानंतर आपल्याकडून दिसणार बत्तीस साली," तो म्हणाला. "तवर हा डोळ्याचा पडदा टिकतोय का, सांगता येत न्हाई." एखाद्या गिऱ्हाइकाला पिक्चर ट्यूबबद्दल सांगावं, तसं तो हे सांगत होता. "म्हणून म्हणतो, दुर्बिणीला कॅमेरा लावू. बुधाला टीव्हीवर घेऊ. टीव्हीएवढा मोठा केला तर दिसंल मला."

कॅमेरा विकत मिळत नव्हता असं नाही. पण ज्यानं तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू दुरुस्त केल्या, त्याला एक तरी वस्तू आपल्या हातानं बनवावीशी वाटत असणार. मी हो म्हणालो. मला वाटलं, आठवड्याचं काम.

कॉम्प्युटरवर बसवतात त्या छोट्या कॅमेऱ्याची चिप काढली. मुगाच्या डाळीएवढी चिप, पण तिच्यात लाखो बारीक घरं असतात. घरात पडेल तेवढा उजेड मोजायचा आणि कॉम्प्युटरला आकडा सांगायचा, एवढंच तिचं काम. म्हणजे तीही मोजणी खात्यातलीच, फक्त वक्तशीर. तिला बसवायला घट्ट झाकणाची डबी हवी होती. डबी मिळेना, म्हणून माझ्या बायकोच्या मसाल्याच्या डब्यातली एक स्टीलची वाटी घेतली. नीलाला विचारून घेतली, असं मी म्हणतो. ती तसं म्हणत नाही.

वाटीला भोक पाडलं, चिप बसवली, वायरी जोडल्या आणि एका संध्याकाळी गुरू ग्रह टीव्हीवर आणला. पडद्यावर सगळीकडं बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके. उदगिरात, चव्वेचाळीस डिग्रीत, बर्फ. त्या बर्फात गुरू कुठला, हे फक्त श्रद्धेनं सांगता येत होतं.

"चिप तापून राहिली," गुरुबसप्पा म्हणाला. "तिला थंड करावं लागंल."

त्यानं पिण्याच्या पाण्याच्या बंद पडलेल्या मशीनमधून एक चपटी चकती काढली. तिच्यातून वीज सोडली की एक बाजू गार पडते आणि दुसरी तापते. गार बाजू चिपला लावायची. तापलेल्या बाजूवरून पाणी खेळवत ठेवायचं, म्हणजे उष्णता वाहून जाते. पाणी खेळवायला आमच्या कूलरची मोटर घेतली, जी तीन महिन्यांपासून कोरडीच होती, आणि गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी. ही नळी मी बाजारातून स्वतः आणलेली आहे, सरकारी नाही, हे मी पुढं लेखी खुलाशातही नमूद केलं.

राहिलं पाणी.

"एकच बादली," मी नीलाला म्हणालो. "संपत नाही. तेच पाणी नळीतून जातं आणि परत बादलीत येतं."

"मग परत आलेलं पाणी कपड्याला वापरता येईल?"

"नऊ मेनंतर."

तिनं बादली दिली. देताना पाण्याच्या पातळीवर खडूनं रेघ मारली. चोवीस वर्षं मी लोकांच्या हद्दीवर खुणा करत आलो, पण त्या रेघेची मला जेवढी भीती वाटली तेवढी कुणाला माझ्या खुणांची वाटली नसेल. कारण स्लॅबवरच्या उन्हात पाणी उडून जातं, ही गोष्ट आम्ही दोघांनी लक्षातच घेतली नव्हती.

कॅमेरा मात्र सुधारला. पाणी खेळायला लागलं आणि बर्फ विरत गेला. काळ्या पडद्यावर गुरू उगवला, पुसट पट्ट्यांसकट, आणि त्याच्या शेजारी एका ओळीत त्याचे चार चंद्र. मसाल्याच्या वाटीत. गुरुबसप्पानं टीव्हीच्या काचेला जवळजवळ नाक लावलं आणि बोटानं मोजलं. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या स्लॅबवरून कोंडाबाईची हाक आली. कोंडाबाई सत्तरीची. मला लहानपणापासून ओळखते, त्यामुळं मी मोठा झालो हे तिला मान्य नाही. दोन गल्ल्या ओलांडून ती रोज डोक्यावरून घागर आणायची.

"व्यंकट, तुझ्या स्लॅबवर पाणी पळून राहिलंय की रे."

"मावशी, ते एकच पाणी आहे. फिरतंय."

"फिरतंय? माझ्याकडं न्हाई फिरलं ते कदी."

दुपारपर्यंत गल्लीला दोन गोष्टी समजल्या. सोनकांबळ्यानं स्लॅबवर चोरून पाण्याची लाइन घेतली आहे, ही पहिली. दुसरी संगप्पांनी शोधून काढली. ते संध्याकाळी माझ्याकडं आले, खुर्ची ओढून जवळ बसले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "सोनकांबळे, आपण घरची माणसं. खरं सांगा. कलेक्टर कचेरी कुठं?"

"मला काय माहीत?"

"मोजणीवाल्याच्या घरावर तिकाटण्यावर यंत्र लागतंय, अन् माहीत न्हाई म्हणता? सकाळी तोंड देगलूर रोडकडं होतं."

"सकाळी सूर्य तिकडं असतो, संगप्पा."

"अन् काल संध्याकाळी नळेगाव रोडकडं." त्यांनी निराशेनं मान हलवली. "म्हणजे शासनाचं अजून काहीच ठरंना."

मी त्यांना बुध समजावून सांगितला. सूर्य समजावून सांगितला. कॅमेरा का थंड ठेवायचा तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाले, "सांगायचं नसंल तर नका सांगू. पर चंद्र-सूर्य मधी आणू नका."

माझा अपमान झाला तर मी सोसतो, तशी सवय आहे. पण शुक्रवारी टँकर आला आणि नीला दोन्ही घागरी रिकाम्या घेऊन परत आली. रांगेत तिचा नंबर आठवा होता. बायकांनी तिला मागं सरकवत सरकवत शेवटाला नेलं. "तुमच्याकडं हाय की वर," असं एक म्हणाली. टाकी संपली तेव्हा तिच्या पुढं अजून तिघी होत्या. तिनं घागरी ओट्यावर ठेवल्या, पालथ्या, आणि भाकरी थापायला बसली. पीठ मळताना ती पाणी थेंबाथेंबानं घेत होती, ते मी दारातून बघत होतो.

त्या रात्री मी गुरुबसप्पाला सांगितलं की पुरे झालं. त्यानं वाद घातला नाही. मोटर बंद केली, नळी गुंडाळायला घेतली. तेवढ्यात नीला वर आली. आम्ही दोघं उभे राहिलो, मास्तर वर्गात आल्यासारखे.

"अप्पांच्या डोळ्याचं मला तुम्ही का सांगितलं न्हाई?" ती मला म्हणाली. गुरुबसप्पाच्या घरून तिला कळलं होतं. मग ती त्याच्याकडं वळली. "तुम्ही लपून करून राहिलात म्हणून हे झालं. लपवायचं काय त्यात? टीव्ही खाली ठेवा. कोंडामावशीच्या ओट्यावर. सगळ्यांना बघू द्या, पाणी काय करतंय ते अन् तुम्ही काय करताय ते."

म्हणजे आता बुधाला एकट्या गुरुबसप्पासाठी नाही, अख्ख्या गल्लीसाठी आणायचं होतं. हौसेचं काम होतं तोवर चूक चालली असती. आता चालणार नव्हती.

नऊ मेला सोमवार होता. मी अर्धा दिवस किरकोळ रजेचा अर्ज दिला आणि कारण खरं लिहिलं, ही माझी चूक. "दि. ९ मे रोजी बुधाचे अधिक्रमण असल्याने" असं मी लिहिलं. एखादा ग्रह सूर्यासमोरून जातो त्याला अधिक्रमण म्हणतात. पण आमच्या कार्यालयात हा शब्द आजवर कधी आला नव्हता, आणि त्याच्या शेजारचा शब्द रोज पन्नास वेळा येतो. कार्यालयाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथल्या एका सज्जन बाबूनं माझं शुद्धलेखन लाल शाईनं सुधारलं आणि अर्ज 'बुधाचे अतिक्रमण' म्हणून साहेबांपुढं गेला.

साहेबांनी बोलावलं.

"सोनकांबळे, हा बुध कोण?"

"साहेब, ग्रह आहे."

"गृह? म्हणजे पक्कं बांधकाम झालंय?"

"गृह नाही साहेब. ग्रह. आकाशातला."

"मग अतिक्रमण कुणाच्या हद्दीत?"

"सूर्याच्या."

साहेबांनी डोळे मिटले. "सूर्यवंशींची आधीच दोन प्रकरणं आहेत माझ्याकडं."

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग फाईल उघडून दुसरा एक कागद माझ्यासमोर ठेवला. निनावी तक्रार होती. मी शासकीय मोजणी यंत्र घरी नेऊन नवीन जिल्ह्याची जागा गुपचूप मोजत आहे आणि टंचाईच्या काळात स्लॅबवर पाणी खेळवत आहे, असं तीत लिहिलेलं होतं. दोन्ही कागद एकाच दोऱ्यात बांधलेले होते. मी ग्रहांबद्दल काहीही सांगितलं तरी ते आता त्या तक्रारीच्या जोडीनंच वाचलं जाणार होतं.

"नऊ तारखेला स्थळपाहणीला मी स्वतः येतो," साहेब म्हणाले. "यंत्र जागेवरून हलवायचं नाही. सरकारी निघालं, तर मला काही करता येणार नाही, सोनकांबळे."

ते रागानं बोलले असते तर बरं वाटलं असतं. ते हळू बोलले.

नऊ मे उजाडला. अक्षय तृतीया आणि बसवेश्वर जयंती एकाच दिवशी. संध्याकाळी आमच्या गल्लीवरून मिरवणूक जायची होती, त्यामुळं चार वाजल्यापासूनच माणसं बाहेर होती. आम्ही दुर्बिणीच्या तोंडावर सूर्याचा काळा फिल्टर ताणून बसवला, नीलाच्या भरतकामाच्या रिंगमध्ये. फिल्टर नसता तर चिप एका क्षणात जळाली असती, मग डोळ्याची काय कथा. म्हणून नळीभोवती दोरी बांधली आणि कुणी जवळ जाऊ नये म्हणून गुरुबसप्पा स्वतः वर उभा राहिला. कॉम्प्युटर वर, आणि तिथून लांब वायर खाली कोंडाबाईच्या ओट्यावरच्या मोठ्या टीव्हीला. आमचा आरसा मोठा आणि चिप बारकी, त्यामुळं पडद्यावर सूर्याचा एक काठच मावायचा. भगव्या रंगाची एक प्रचंड कमान, कडेनं थरथरणारी.

चाळीस-पन्नास माणसं जमली. संगप्पा जयंतीचं उपरणं घालून हाताची घडी घालून उभे. मी टीव्हीजवळ होतो. साडेचारला माझं पडद्याकडं लक्ष गेलं. कमानीच्या आत, स्पष्ट, एक काळा ठिपका!

आयुष्यात मला भाषणाची संधी कधी मिळालेली नाही. मी ती घेतली. "मंडळी," मी म्हणालो, "हाच तो बुध. पृथ्वीपासून सव्वाआठ कोटी किलोमीटरवर. सूर्याच्या सर्वांत जवळचा ग्रह. हा क्षण पुन्हा सोळा वर्षांनी." कोंडाबाईनं पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. मागोमाग सगळ्यांनी जोडले. एकानं नारळ मागवला.

वरून गुरुबसप्पाचा आवाज आला, "व्यंकटराव, अजून बारा मिनिटं हायत!"

"पण दिसतोय, अप्पा!"

"दुर्बीण सरकवतो. बघा हालतो का."

त्यानं दुर्बीण सरकवली. कमान पडद्यावर चांगली वीतभर सरकली. बुध मात्र सूर्याबरोबर न जाता काचेवरच्या आपल्या जागेवर तसाच उभा राहिला.

"चिपवर कचरा हाय," गुरुबसप्पा म्हणाला. "काळा मसाला असंल. वाटीतला."

कोंडाबाईनं हात सोडले. "मसाल्याला हात जोडाया लावले का रे, व्यंकट?" असं म्हणून ती हसायला लागली, आणि मग गल्ली जी हसली ती थांबेचना. नीलाही हसली. गुरुबसप्पानं वर वाटी उघडून फुंकर मारली, पुन्हा बसवली, आणि या सगळ्या वेळात मी टीव्हीच्या वायरी तपासत बसलो, ज्यांना काहीही झालेलं नव्हतं.

साहेब नेमके तेव्हाच आले. बगलेत फाईल, सोबत टेप. त्यांनी वर जाऊन केसिंग पाइप वाजवून पाहिला, मसाल्याची वाटी पाहिली, बादलीत हात घातला, नळी परत बादलीतच येते का ते दोनदा तपासलं. खाली येताना त्यांचा चेहरा जरा गोंधळलेला होता. "यात सरकारी काहीच नाही," ते मला म्हणाले, जणू मी फसवलं होतं त्यांना.

"साहेब, पावणेपाच होत आलेत. थांबा."

चार बेचाळीस. हसणं ओसरलं होतं, पण कुणी फारसं बघत नव्हतं. कमानीचा काठ थरथरत होता. मग त्या काठाला एके ठिकाणी कुणीतरी नखानं टोचल्यासारखं झालं. मी डोळे चोळले. मघाच्या फजितीनंतर मी तोंड उघडणार नव्हतो. टोचा खोल झाला. त्याला गोलाई आली. सूर्याच्या काठातून एक बारीक, काळा, वाटोळा तुकडा आत येत होता.

वरून, कॉम्प्युटरला डोळा लावलेल्या गुरुबसप्पाच्या तोंडून त्याची घरची कन्नड निघाली. "बंतु! बंतु री! आला!" तो धडपडत खाली आला. मी हात धरून त्याला टीव्हीसमोर नेलं. त्यानं काचेजवळ डोळा नेला, अगदी वीतभरावर. ठिपका आता काठापासून सुटला होता. मसाल्यासारखा वेडावाकडा नव्हता तो. इतका वाटोळा, इतका काळा, इतका स्वच्छ, की त्याच्यापुढं सगळं उदगीर धूसर वाटलं.

"दिसला?" मी विचारलं.

गुरुबसप्पानं मान डोलावली. त्याच्या भगव्या झालेल्या चेहऱ्यावर डावा डोळा पाण्यानं भरला होता, आणि ते पाणी तो पुसत नव्हता. पुसायला गेला तर तेवढा वेळ बघणं चुकलं असतं.

आणि पडदा काळा झाला. लाईट गेली होती.

सगळे नुसते वळून माझ्याकडं बघायला लागले, जणू लाईट मी ठेवून घेतली होती. गुरुबसप्पा काचेजवळून हललाच नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक आली. गाडीवर बसवेश्वरांची प्रतिमा, मागं स्पीकर आणि जनरेटर. मी संगप्पांकडं बघितलं. जनरेटर समितीचा, समिती त्यांची. आणि निनावी तक्रारीतलं वळणदार अक्षर कुणाचं, ते मला फाईल बघताक्षणी कळलं होतं. अडतीतलं अक्षर मी ओळखतो.

संगप्पा गुरुबसप्पाजवळ गेले. "किती येळ लागंल?"

"सूर्य बुडंपर्यंत."

"दीड-दोन तास." त्यांनी मिरवणुकीकडं बघितलं. जनरेटरवर एक तर स्पीकर चालला असता, नाही तर कॉम्प्युटर आणि टीव्ही. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि हात वर केला. "गाणं बंद करा. वायर इकडं आणा. मिरवणूक इथंच थांबंल. बसवेश्वरांलाही बघू द्या." प्रतिमा गाडीवरून अलगद टीव्हीच्या बाजूला, सूर्याच्या दिशेला तोंड करून ठेवली गेली.

मग गल्लीत जे झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. दोनशे माणसं भुईवर बसून एका ठिपक्याकडं बघत राहिली. ठिपका हलतोय हे दिसत नव्हतं, पण जरा वेळानं बघावं तर तो आत आलेला असायचा. साहेबांनी फाईल खाली ठेवली. मोजणी खात्याचा माणूस; राहवलं नाही. टेप घेऊन त्यांनी काचेवर ठिपका मोजला.

"नऊ मिलिमीटर. सूर्य याच्या किती पट?"

"आत्ता दिसतोय त्याच्या एकशे अठ्ठावन्न पट," मी म्हणालो.

त्यांनी बोटांवर गुणाकार केला. "म्हणजे अख्खा सूर्य जवळजवळ पाच फुटांचा. पडद्यात मावत नाही तो." मग थांबून, "आणि आपण? पृथ्वी?"

"या मापानं टपोऱ्या हरभऱ्याच्या दाण्याएवढी. अन् ठेवायची झाली तर इथून पाचशे फुटांवर."

"पाचशे फूट म्हणजे कुठं?"

मी मोजणीच्या सवयीनं बोट दाखवलं. गल्लीच्या टोकाला, पार बंद हातपंपाच्या पलीकडं. सगळ्यांनी माना वळवल्या. तिथं त्या मोकळ्या, भाजलेल्या रस्त्यावर एक हरभरा पडलाय आणि त्या हरभऱ्यावर आपण सगळे आहोत, जिल्ह्यासकट, ते सगळे शोधत होते. खूप वेळ कुणी मान परत वळवली नाही.

साहेबांनी तिथंच फाईल उघडून पंचनामा लिहिला. "समक्ष पाहणी केली असता सूर्याच्या हद्दीत बुध या ग्रहाचे काळ्या रंगाचे वर्तुळाकार अतिक्रमण आढळून आले. सदर अतिक्रमण तात्पुरत्या स्वरूपाचे असून ते आपोआप निघेल. वापरलेले यंत्र खाजगी आहे. पाणी तेच ते आहे." पंच म्हणून संगप्पांनी सही केली. सही करताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण पेन परत देताना म्हणाले, "सोनकांबळे, ते अक्षर…" मी म्हणालो, "बघा, बघा, ठिपका किती आत आला."

ऊन उतरलं. सूर्य लाल व्हायला लागला. कोंडाबाई टीव्हीच्या अगदी जवळ सरकून बसली होती. तिनं काचेवर, ठिपक्याच्या शेजारी बोट ठेवलं.

"इतक्या जवळ हाय तो सूर्याच्या. जळत असंल की."

"जळतोय," गुरुबसप्पा म्हणाला. "आपल्या तव्यापेक्षा तापलेला."

"मग तिथं पाणी कुठलं असायला." ती हे विचारत नव्हती. नुसतं म्हणत होती.

गुरुबसप्पा वळला. "हाय, मावशी."

"काय हाय?"

"पाणी. बर्फ हाय बुधावर. त्याच्या दोन्ही टोकांला खोल खड्डे हायत. तिथं सूर्याचा उजेड कधीच पोचत न्हाई. यान पाठवून बघितलंय शास्त्रज्ञांनी. खड्ड्यांत बर्फ साचून हाय, किती काळापासनं कुणाला ठावं."

कोंडाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. तो थट्टा करतोय का, हे ती शोधत होती. मग तिनं पुन्हा त्या ठिपक्याकडं बघितलं, आणि त्या भयंकर सूर्याकडं, ज्यानं त्या वर्षी आमच्या विहिरी, तळी, बोअर, कुणाला सोडलं नव्हतं.

"इतक्या जवळ," ती हळूच म्हणाली. "अन् त्याला हात लावता आला न्हाई."

"किती फुटावर हाय?" संगप्पांनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं. कुणीच हसलं नाही.

पावणेसातला सूर्य नळेगाव रोडवरच्या धुळीत उतरला. कमान डळमळली, चपटी झाली, विटली. ठिपका शेवटपर्यंत तिच्यात होता. मग पडदा नुसता करडा झाला. जनरेटर चालू होता, तरी गाणं लावायला कुणी उठलं नाही.

"झालं का?" नीलानं विचारलं.

"न्हाई," गुरुबसप्पा म्हणाला. "आपला सूर्य बुडाला. तो अजून तिथंच हाय, सूर्यावरून चालून राहिलाय. अजून पाच-साडेपाच तास."

"आपण न्हाई बघितलं तरी?"

"न्हाई बघितलं तरी."

टीव्हीवर आता काही नव्हतं. तरी आम्ही सगळे, साहेबांसकट, पश्चिमेकडं तोंड करून बसून राहिलो.